चढावरचं लिंबू

ताम्हणात तेहतीस अनारसे लावायचे होते आणि रजनीबाई दुसऱ्यांदा चुकल्या. धोंड्याच्या महिन्यात जावयाचं वाण मोजताना चुकू नये म्हणतात. पण बैठकीत सगळी मंडळी नेपाळचा नकाशा उघडून बसली होती आणि रजनीबाईंचे कान तिकडे होते. अनारसे मोजायला कान लागत नाहीत हे खरं, तरी चुकत होतं.

"आई, मी मोजते. तुम्ही नुसतं ऐका," यशश्री म्हणाली आणि तिनं ताम्हण आपल्याकडे ओढलं. सून असून ती कधी टोमणा मारायची नाही. नुसतं खरं बोलायची, आणि तेच जास्त लागायचं.

बैठकीतून अंतराचा आवाज येत होता. लेक माहेरी आली की तिचा आवाज आपोआप मोठा होतो, आणि या वेळी तर नवऱ्याला धोंड्याच्या जेवणाला घेऊन आली होती. "समृद्धीनं नागपूर, मंग जबलपूर, गोरखपूर. सोनौलीला बॉर्डर. तिथं गाडीचा भन्सार भरायचा म्हणजे कागद करायचा, की आत. बुटवल, पाल्पा, पोखरा. दोन दिवस तलावाकाठी, एक दिवस बंदीपूर, अन् परत."

"कधी म्हणून राह्यली तू हे?" तिच्या वडलांनी, गिरिधररावांनी विचारलं.

"दिवाळीनंतर. भाऊबीज करून. तेव्हा आभाळ धुतल्यासारखं असतं तिथं, डोंगर बराबर दिसतात."

"कापसाच्या टायमाला?"

हा प्रश्न या घरात चाळीस वर्षं विचारला जात होता. दसऱ्याला जिनिंगवर पहिला कापूस यायचा, आणि तेव्हापासून होळीपर्यंत तौरांच्या घरात कुणी आजारीसुद्धा पडायचं नाही. होळीनंतर ऊन, उन्हानंतर पेरणी, पेरणीनंतर सण. तिरुपती दोनदा ठरलं, दोनदा राहिलं. रजनीबाईंनी परतूरच्या पुढं पाहिलेला सगळ्यात उंच डोंगर वेरूळचा होता.

"अण्णा, तेवढे दिवस जिनिंग मी बघतो ना," तिचा भाऊ शौनक म्हणाला. "मी न्हाई येत. तुम्ही चौघं जा. तुम्ही, आई, अंतरा, पार्थराव."

स्वयंपाकघरात यशश्री हसली. "अण्णा गेले पाहिजेत असं तुमच्या लेकाला फार वाटून राह्यलंय. एक दिवस तरी वजनकाट्यावर मालक म्हणून बसायचंय त्याला."

"बसू दे," रजनीबाई म्हणाल्या. "त्याच्या बापाला उठवायचंय ना पण आधी."

त्यांना हे सगळं जमावं असं फार वाटत होतं. ती इच्छा जिभेवर आणायला मात्र त्या भीत होत्या. पौषात गिरिधररावांनी जिनिंगच्या फाटकाच्या खांबाला गाडी घासली होती. खांब त्यांना दिसलाच नव्हता. जालन्याच्या डॉक्टरनं काचबिंदू सांगितला. गेलेली नजर येत नाही, थेंब घालत राहिलं तर उरलेली टिकते, असंही सांगितलं. त्या दिवसापासून रजनीबाईंच्या डोक्यात एकच होतं. नजर आहे तोवर या माणसानं एकदा हिमालय बघावा. जन्मभर त्यानं गाडीतून फक्त रस्ता बघितला होता.

आणि त्या रस्त्यावर गाडी आपण चालवावी, हेही होतंच. ते मात्र यशश्रीखेरीज कुणाला ठाऊक नव्हतं.

*

पार्थला पाटावर बसवलं, कपाळाला कुंकू लावलं, समोर रांगोळी, ताटात तुपात भिजलेले पुरणाचे धोंडे. एवढा मान झाल्यावर माणसाला भूक लागायला हवी. पार्थची भूक गेली होती. अंतरानं आपला फोन ताटाशेजारीच ठेवला होता आणि त्यावर बुटवलपासून पोखऱ्यापर्यंतचा रस्ता शेवया सांडल्यासारखा पसरला होता.

"घाट जरा जास्तच दिसून राह्यला," तो म्हणाला.

"घाटच तर आहे सगळा," शौनक उत्साहानं म्हणाला. "एका बाजूला डोंगर, एका बाजूला नदी. व्हिडिओ बघितले मी. तुम्हाला काय, तुम्ही समृद्धीवर वाऱ्यासारखे येता."

समृद्धी सरळ आहे, हे पार्थ बोलला नाही. लग्नानंतर कोकणात जाताना आंबा घाटात अर्ध्यावर त्यानं गाडी कठड्याला लावली होती आणि त्याचे पाय थरथरत होते. मागून येणाऱ्या टेम्पोच्या क्लीनरनं ती गाडी खाली आणून दिली. अंतरानं त्यावर आजवर एक शब्द काढला नव्हता, ना सासरी, ना माहेरी. याबद्दल पार्थला तिचा इतका आदर वाटायचा की भांडणात तो निम्म्या वेळा त्याच कारणानं हरायचा.

"एखादा ड्रायव्हर घेऊ की सोबत," अंतरा घाईनं म्हणाली.

"भाड्याचा डायवर?" गिरिधरराव म्हणाले. "तुझ्या चुलतभावाच्या लग्नाला परभणीला घेतल्ता ना एक. काय झालं?"

काय झालं ते सगळ्यांना माहीत होतं. गिरिधरराव शेजारी बसून त्याला गिअर सांगत राहिले आणि सेलूच्या अलीकडं त्यानं गाडी बाजूला घेऊन किल्ली त्यांच्या हातात दिली. जाताना रामराम मात्र करून गेला.

"तो पोरगा तिसऱ्यावर ओढून राह्यला होता," गिरिधरराव म्हणाले. "इंजिन रडत होतं बिचारं."

"रडत तो होता," रजनीबाई वाढता वाढता म्हणाल्या आणि सगळे हसले. गिरिधररावही हसले. तेवढ्यानं वातावरण जरा मोकळं झालं आणि यशश्रीनं उखाण्यांचं काढलं.

अंतरानं नाव घेतलं, यशश्रीनं घेतलं. पार्थनं नकाशा, पोखरा आणि अंतरा यांची मोट बांधून कसाबसा एक जुळवला. मग अंतरा बापाकडं वळली. "अण्णा, आता तुम्ही."

"मी कधी घेतलंय का?"

"म्हणून तर म्हणून राह्यले."

"लग्नात घेतलं न्हाई, आता काय घेऊ." ते वरणाची वाटी तोंडाला लावून मोकळे झाले. गिरिधररावांनी बायकोला नावानं कधी हाक मारली नव्हती. आधी 'अगं', मग 'शौनकची आई', आणि माणसं बसली असली की नुसता खाकरा. लग्नात भटजींनी चारदा सुचवलं तेव्हा त्यांनी प्यायला पाणी मागितलं होतं. रजनीबाईंना याचं आता काही वाटत नाही असं त्या म्हणत. तरी यशश्रीनं पाहिलं, वाढणारा त्यांचा हात क्षणभर थांबला होता.

"बरं जाऊ द्या," विषय बदलायला गिरिधररावांना घाईच झाली होती. "जावईबापू, वाण तर आहेच. पण त्यावर काय पायजे ते बोला. अंगठी म्हणा, घड्याळ म्हणा. धोंड्याच्या महिन्यात जावयाला न्हाई म्हणत न्हाईत."

"काहीही?" पार्थनं विचारलं.

"बिलकुल. तौराचा शब्द आहे."

पार्थनं बायकोकडं पाहिलं. मग सासूकडं. सकाळी आल्या आल्या त्यानं एक गोष्ट बघितली होती. तोंड धुवायला मागच्या अंगणात गेला, तर पलीकडं जिनिंगच्या आवारात सासूबाई गाडी मागं घेत होत्या, आणि यशश्री खिडकीशी उभी राहून नुसती मान हलवत होती. दोन सरकीच्या गंज्यांमधून गाडी अशी आत गेली की पार्थला आपलं ऑफिसचं पार्किंग आठवून लाज वाटली होती.

"मंग असं करा मामा," तो म्हणाला. "नेपाळात गाडी मामींना चालवू द्या."

*

क्षणभर कुणी जेवलं नाही.

"कोण मामी?" गिरिधररावांनी विचारलं. जणू घरात दहा-बारा मामी होत्या.

"आई?" शौनक म्हणाला. "अहो पार्थराव, तिनं संक्रांतीला लायसन काढलंय. मंदिरापर्यंत जाती. तुम्ही असताना आई कशाला?"

"मी असून उपयोग न्हाई." पार्थनं धोंड्याचा तुकडा ताटात ठेवला. "घाट लागला की माझे हातपाय गार पडतात. आंबा घाटात दुसऱ्यानं गाडी उतरवून दिली. अंतराला माहीत आहे."

अंतरानं मान खाली घातली. तिला नवऱ्याचा इतका अभिमान कधी वाटला नव्हता, आणि तो असल्या गोष्टीवरून वाटावा याचं हसूही येत होतं.

"इतके दिवस बोलले न्हाईत?" गिरिधररावांनी विचारलं.

"जावयानं असलं कुठं बोलावं, मामा."

डाव्या डोळ्यानं गिरिधररावांना आता नळीतून दिसावं तसं दिसत होतं. ही गोष्ट त्यांनीही दोन महिने कुणाला सांगितली नव्हती, खांबानं सांगितली. समोरच्या पोराचा त्यांना राग यायला हवा होता. आला नाही. उलट त्याच्या ताटात आणखी एक धोंडा वाढावा असं वाटलं.

"अन् तुम्हाला यायचंय का चालवायला?" त्यांनी बायकोकडं न बघता विचारलं. घरात चार माणसांसमोर कठीण काही बोलायचं असलं की ते तिला अहो-जाहो करायचे.

रजनीबाईंनी तुपाची वाटी खाली ठेवली. "यायचंय," त्या म्हणाल्या. "मला चालवायचीय. अन् तुम्ही शेजारी बसायचं. गिअर बघायचे न्हाईत. बाहेर बघायचं. तुमच्या डोळ्याला डोंगर दाखवायचेत मला, रस्ता पुष्कळ बघितला त्यांनी."

डोळ्याचं नाव या घरात मोठ्यानं निघत नसे. शौनकनं यशश्रीकडं पाहिलं. तिच्या चेहऱ्यावर आश्चर्य नाही हे बघून त्याला कळायचं ते कळलं. "तू सराव करून घेतला व्हय आईकडून?"

"मी नुसती बसले शेजारी," यशश्री म्हणाली. "सकाळी लवकर, न्हाईतर दुपारी तुम्ही झोपता ना, तेव्हा. भागवतकाकांना माहीत आहे."

"भागवतला माहीत आहे अन् मला न्हाई?" गिरिधरराव म्हणाले. भागवत म्हणजे जिनिंगचा वजनकाटा सांभाळणारा माणूस. तो तौरांकडं इतकी वर्षं होता की घरातल्या बातम्या त्याला घराच्या आधी कळायच्या.

"शब्द दिलाय अण्णा," अंतरा हळूच म्हणाली.

"माहीत आहे." गिरिधररावांनी पाणी प्यायलं, हात धुतले, पंच्याला पुसले. ते दारापर्यंत गेले, चपला घातल्या आणि तिथूनच म्हणाले, "एक लिंबू घेऊन या काट्यावर."

*

त्या लिंबाची गोष्ट अप्पारावांपासूनची. गिरिधररावांच्या वडिलांनी जिनिंग सुरू केली तेव्हा ट्रॅक्टरचा असो की ट्रकचा, कुठलाही डायवर ते कागद बघून ठेवत नसत. काट्याच्या चढावर अर्ध्यात गाडी थांबवायची. मागच्या चाकाला मागून टेकवून लिंबू ठेवायचं. मग गाडी वर काढायची, लिंबू न चिरडता. नव्या गाडीच्या पूजेला जे लिंबू चिरडायचं, तेच इथं वाचवायचं. गाडी बंद पडली तर चालेल, म्हणायचे अप्पाराव, मागं आली तर घरी जायचं. शौनकची तीन लिंबं गेली होती आणि ती अजून त्याला मोजून दाखवली जात.

अप्पारावांचा दुसरा नियम साधा होता. काट्यावर चढलेली गाडी वजन झाल्याशिवाय उतरायची नाही, मग ती रिकामी असो की घरची. म्हणूनच रजनीबाई महिनाभर त्या चढावर गाडी थांबवत होत्या, पुढं सरकवत होत्या, पण वर काट्यावर कधी नेत नव्हत्या. काट्यावर गेलं की वजन, वजन झालं की पावती, आणि पावती संध्याकाळी मालकापुढं.

उन्हं कलली होती. हंगाम संपल्यामुळं आवारात गाड्यांची गर्दी नव्हती, नुसतं कापसाचं पिंजलेलं काहीबाही कुंपणाला अडकून होतं. रजनीबाईंनी पदर खोचला, चप्पल काढून शेजारी ठेवली आणि अनवाणी पायानं क्लच दाबून बघितला. सात सीटांची डिझेल गाडी, जुनी, क्लच जड. शौनकनं चढावरचे दोन दगड पायानं बाजूला सारले. कुणी सांगितलं नव्हतं.

"आई, घाई करू नको," तो म्हणाला. "माझी घाईनंच गेली होती. तिन्ही."

गाडी चढावर अर्ध्यात थांबली. यशश्रीनं आणलेलं लिंबू गिरिधररावांनी स्वतः मागच्या चाकाला टेकवलं आणि बाजूला उभे राहिले. रजनीबाईंना आरशात त्यांचा सदरा दिसत होता. त्यांना वाटलं, आपण हे कशाला मागितलं. घरात बसून पापड लाटले असते, जावई खूश, सगळे खूश. मग वाटलं, हा माणूस पुढल्या दिवाळीला काय बघू शकेल ते कुणाला ठाऊक. त्यांनी क्लच सोडला.

इंजिन खडखडलं आणि बंद पडलं.

गाडी तिथंच होती. ब्रेकवरचा पाय हलला नव्हता.

"बंद पडली तर चालतंय," पार्थ अंतराच्या कानाशी म्हणाला. त्यानं हा नियम पाचच मिनिटांपूर्वी ऐकला होता, पण आता तोच त्याचा सगळ्यात मोठा राखणदार झाला होता.

रजनीबाईंनी पुन्हा किल्ली फिरवली. या वेळी त्यांनी आरशात बघितलं नाही. इंजिनाचा आवाज जरा जड झाला, बोनेट किंचित उचललं, तसा त्यांनी ब्रेक सोडला. गाडी क्षणभर जिथल्या तिथं थरथरली आणि मग वर निघाली. एखादी बाई डोक्यावर हंडा घेऊन पायरी चढते तशी, सावकाश. चढ संपला, चाकांखाली काट्याचं लोखंड वाजलं आणि गाडी मधोमध थांबली.

गिरिधरराव वाकले. लिंबू चढावरच होतं, पण त्यांचा हात पहिल्यांदा त्याच्या शेजारी पडला, मातीवर. मग बोटांनी चाचपून त्यांनी ते उचललं. शौनक पुढं होणार होता, यशश्रीनं त्याचा दंड धरला. रजनीबाईंनी ते आता आरशात पाहिलं आणि त्यांचे डोळे भरून आले.

गिरिधररावांनी लिंबू सदऱ्याला पुसलं, खिशात टाकलं आणि गाडीकडं आले. चाळीस वर्षांच्या सवयीनं ते उजव्या दाराशी गेले. दारावर हात ठेवला तेव्हा आत बायको बसलेली दिसली. ती उतरली नाही. मग ते बोनेटला वळसा घालून डावीकडून आत बसले. पायांचं काय करावं ते त्यांना समजेना, म्हणून मांडी घालायला गेले, ती जमेना. शेवटी पट्टा ओढून लावला.

"इकडनं वेगळंच दिसतं," ते म्हणाले.

"काय दिसतं?"

"पलीकडं आंब्याचं झाड आहे त्या कुंपणाला. कुणी लावलं?"

"तुमच्या आईनं. मी आले त्या वर्षी."

ते झाडाकडं बघत राहिले. शौनकनं काट्याच्या केबिनच्या खिडकीतून डोकं आत घातलं होतं. त्याला घरच्या गाडीचं वजन बघायचं होतं, किंवा मालकाची खुर्ची कशी दिसते ते. भागवतनं चष्मा नाकावर घेतला, गाडीचा नंबर दाबला आणि हंगामात रोज शंभर गाड्यांना विचारायचा तसा, मान वर न करता, त्यानं विचारलं, "डायवरचं नाव?"

गिरिधररावांनी पट्टा जरा सैल केला.

"तुला माहीत न्हाई का?" गिरिधरराव म्हणाले.

"मला आहे मालक. मशीनला न्हाई. मालकीणबाई म्हणून घेत न्हाई ते, नाव लागतं पुरं. त्याबिगर पुढचं दाबताच येत न्हाई."

"मंग दाब की. ते, आपलं…" गिरिधरराव खाकरले. त्यांनी पाण्यासाठी इकडंतिकडं पाहिलं, पण गाडीत पाणी नव्हतं. चढाखाली अंतरा, पार्थ आणि यशश्री एकमेकांना धरून गप्प उभे होते. रजनीबाई सरळ समोर बघत होत्या. त्यांचे दोन्ही हात स्टिअरिंगवर होते. उत्तर त्याही देऊ शकल्या असत्या, त्यांना स्वतःचं नाव येत होतं. पण त्या गप्प राहिल्या.

"रजनी," गिरिधरराव म्हणाले. मग खिडकीतून मान बाहेर काढून, जरा मोठ्यानं, "रजनी गिरिधर तौर. लिही."

खाली अंतरानं तोंडावर हात धरला. समोरच्या काचेकडं बघतच रजनीबाई म्हणाल्या, "पुन्हा एकदा सांगा. त्याला ऐकू आलं न्हाई."

भागवतला पहिल्याच वेळी ऐकू आलं होतं. तरी त्यानं बटणावरचं बोट उचललं आणि कानाला हात लावून वाट बघत बसला.